शेतकरी कामगार पक्ष : उदय आणि झगडे

(पुणें येथील सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



याच पुणें शहरांत उदयास आलेल्या एका पक्षाची हकीकत आज आपणांस सांगणार आहें. केशवराव जेधे इथलेच. ब्राह्मणेतर चळवळींत वाढलेले हे गृहस्थ १९३० च्या सुमारास काँग्रेसमध्यें गेले आणि त्यांच्या मागोमाग खेडींच्या खेडीं गेलीं. पण स्वराज्य दाराशीं आलें तेव्हां ताटावर कोण बसलें? नांगर धरणारा कीं व्याज खाणारा? हा प्रश्न जेधे, शंकरराव मोरे व त्यांच्या सोबत्यांना टोंचूं लागला. १९४६ सालीं त्यांनीं काँग्रेसच्या आंतच शेतकरी कामगार संघ काढला. पोटांत दुसरा पक्ष चालणार नाहीं असें काँग्रेसनें ठरविल्यावर १९४८ सालीं हे लोक बाहेर पडले. तोच शेतकरी कामगार पक्ष.

१९५० सालीं नाशिक जिल्ह्यांतील दाभाडी येथें पक्षानें मार्क्स-लेनिन यांचा मार्ग पत्करला. १९५२ च्या निवडणुकींत मुंबई विधानसभेंत अवघ्या १४ जागा हातीं आल्या. पुढें जेधे व मोरे स्वतःच काँग्रेसमध्यें परतले. कारभारीच गेले, आतां घर मोडलें, असें पुष्कळांस वाटलें.

पण घर मोडलें नाहीं. कारण त्याचा पाया कुळांनीं घातला होता. अलिबागजवळच्या चरी गांवीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसली नाहीं. सहा वर्षें चूल कशी पेटली असेल, हें आयाबहिणींनींच ओळखावें! त्या भागांत पक्ष खोल रुजला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत, १९५७ सालीं, पक्षाचे ३१ आमदार निवडून आले. जानेवारी १९८४ मध्यें उरण भागांत दि. बा. पाटील यांच्यामागें शेतकरी जमिनीसाठीं उभे राहिले. गोळीबारांत पांच जण पडले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणें सरकारला भाग पडलें. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळां निवडून आले, पण पक्ष सोडला नाहीं.

मग २०२४ सालीं विधानसभेंत एकच जागा कां मिळाली? साखर कारखाने व जिल्हा बँका यांच्या खुर्च्यांनीं पुष्कळ कार्यकर्ते ओढून नेले, हें एक. दुसरें बोचरें आहे, पण बोललें पाहिजे. नांवांत कामगार असला तरी भर जमीनवाल्या शेतकऱ्यावरच राहिला. लोहार, सुतार, चांभार, शेतमजूर मागच्या ओळींत बसले. ज्याच्या जिवावर मोर्चा, त्यालाच बैठकींत जागा नाहीं, तर तो किती दिवस चालेल?

म्हणून माझें सांगणें एवढेंच. पुढारी येतील आणि जातील. वर्गणी आपली, बैठक आपल्या गांवांत आणि हिशेब आपल्या डोळ्यांपुढें, असें असेल तोंवरच पक्ष आपला. हिशेब विचारायला लाजूं नका, आणि तो वाचतां यावा म्हणून मुलाबरोबर मुलीलाही शाळेंत घाला.