सही एकाची, कारभार दुसऱ्याचा

आज एका कागदाबद्दल बोलायचं आहे. कुलमुखत्यारपत्र. गावात त्याला कुणी मुखत्यारपत्र म्हणतं, कुणी नुसतं 'पॉवर' म्हणतं. आपल्या वतीनं दुसऱ्यानं सही करावी, पैसे घ्यावेत, कोर्टात उभं राहावं, म्हणून आपण लिहून दिलेला अधिकार. गटांच्या बैठकीत यावर प्रश्न येतातच. दिराला करून दिलं तर चालेल का? दिलं की जमीन त्याच्या नावावर होते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. होत नाही. मुखत्यार म्हणजे मालक नव्हे, नुसत्या मुखत्यारपत्रानं जमिनीची मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट सांगितलं आहे. मात्र त्यात विक्रीचा अधिकार लिहून दिला असेल, तर तो माणूस तुमच्या वतीनं खरेदीखत करून देऊ शकतो. म्हणून कागदात काय लिहिलंय याला फार किंमत आहे.

आता हा कागद माणसांच्या आयुष्यात काय काय करतो, ते पाहायला आपण जरा लांब जाऊ. इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे. डोंगराळ, थंड मुलुख, मेंढ्या पुष्कळ. तिथल्या जमीनदाराला लेअर्ड म्हणत. जमिनीच्या व्यवहारांची सरकारी नोंदवही तिथे १६१७ सालापासून चालू झाली आणि जमीनदार घराण्यांनी आपली दप्तरंही जपून ठेवली. त्यामुळे तीनशे-चारशे वर्षांपूर्वी कुणी कुणाला कसला अधिकार दिला, हे आजही वाचायला मिळतं.

तिकडे या कागदाला 'फॅक्टरी' म्हणत. पूर्ण नाव 'फॅक्टरी अँड कमिशन'. ही फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे हं! दुसऱ्याच्या वतीनं कारभार पाहणारा तो फॅक्टर, आणि त्याला अधिकार देणारा कागद ती फॅक्टरी. राजापूरला इंग्रजांची वखार होती ना, तिलाही इंग्रज फॅक्टरीच म्हणत, कारण तिथे कंपनीचे फॅक्टर राहायचे.

लेअर्ड लोकांना याची गरज का पडे? मालक गावात नसे. कुणी लंडनला, कुणी फौजेत, कुणी थेट हिंदुस्थानात. १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन अशाच एका स्कॉटिश उमराव घराण्यातले. असा माणूस वर्षानुवर्षं समुद्रापलीकडे असला, तर मागे खंड कोण वसूल करणार?

जमीन ताब्यात घेतानासुद्धा मुखत्यार चाले. नवा मालक, नाहीतर त्याचा मुखत्यार, प्रत्यक्ष रानात जाऊन उभा राही. देणाऱ्याचा माणूस वाकून तिथली मूठभर माती आणि एक दगड उचलून त्याच्या हातावर ठेवी. साक्षीदार असत, आणि नोटरी ते लिहून घेई. मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी पुढे करत. हा रिवाज १८४५ सालापर्यंत कायद्यानं आवश्यक होता. म्हणजे मालक हजार कोसांवर, आणि त्याच्या रानातली माती दुसऱ्याच्या मुठीत!

पण माती मुठीत घेणाऱ्याला हिशेबाचं वेसण होतं, आणि ते आम्हाला फार आवडलं. फॅक्टरचा हिशेब दोन भागांत लिहीत. पहिल्या भागात त्याच्या अंगावर काय काय आहे ते. म्हणजे वसूल झालेले पैसे नव्हेत, तर वसूल व्हायला हवेत ते सगळे पैसे. अमक्या कुळाकडून इतका खंड, तमक्याकडून इतकं धान्य, मागची बाकी इतकी. दुसऱ्या भागात तो कशातून मोकळा झाला ते. मालकाला इतके दिले, छप्पर शाकारायला इतके गेले, हे कूळ बुडालं म्हणून इतके आलेच नाहीत. उरेल ते त्याच्या अंगावरचं देणं. आपल्या गटात एखादी म्हणते, "हप्ता आलाच नाही, तर मी काय लिहू?" तिथे उलट होतं. आला नाही हे फॅक्टरनं दाखवायचं, नाहीतर त्यानं भरायचं. आमच्या मते आपल्या गटांच्या वह्या अशाच लिहायला हव्यात.

दुसरं वेसण शब्दांचं. कागदात जे लिहिलं तेवढाच अधिकार, असा तिथल्या न्यायालयांचा कल असे. खंड वसूल कर असं लिहिलंय, म्हणून जमीन विकता येत नाही. विकायची तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आता बायकांचं काय? तिथे लग्न झालेली बाई कागदावर माहेरचंच नाव लावी. आपल्याकडे आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, आणि बँकेत हेलपाटे. ती कटकट तिला नव्हती. पण नाव माहेरचं राहिलं, तरी मालावर हुकूम नवऱ्याचा. तिचे पैसे, गुरं हे लग्नाबरोबर नवऱ्याचं होई. माहेरून आलेली जमीन तिच्या नावावर राही, पण नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला त्या जमिनीचा व्यवहार करता येत नसे. यातली पहिली गोष्ट १८८१ च्या कायद्यानं गेली, दुसरी जायला १९२० उजाडलं.

आणि गंमत बघा. हाच नवरा परदेशी निघाला की बायकोच्याच नावानं फॅक्टरी करून देई. खंड तू घे, कुळं तू ठेव, दावे तू लढ. जी बाई स्वतःच्या वावराचा कागद करायला कायद्यानं नालायक, तीच त्याच्या सगळ्या जहागिरीचा कारभार करायला लायक! तिच्या अकलेबद्दल शंका नव्हतीच कुणाला. सही कुणाच्या मर्जीनं होणार, एवढाच प्रश्न होता.

घरखर्चापुरता तर कागदही लागत नसे. दाणागोटा, कपडालत्ता, घरातल्या वस्तू बायकोनं उधार आणल्या, तर ती नवऱ्याची मुखत्यार म्हणूनच आणते असं कायदा धरून चाले, आणि पैसे त्याला द्यावे लागत. हे त्याला नको असेल, तर कोर्टातून मनाईचा हुकूम आणून तो सरकारी वहीत नोंदवावा लागे. म्हणजे हिला उधार देऊ नका, अशी दवंडीच. हा नियम १९८४ पर्यंत टिकला होता.

या सगळ्यात एक बाई आमच्या मनात बसली. लेडी ग्रिझेल बेली. जन्म १६६५. वडील सर पॅट्रिक ह्यूम राजाच्या विरोधातले. १६८४ साली ते पोलवर्थच्या चर्चखालच्या तळघरात लपले, जिथे घराण्यातले मुडदे ठेवत. अठरा वर्षांची ग्रिझेल रोज रात्री अंधारात त्यांना जेवण न्यायची. नोकरांना कळू नये म्हणून जेवताना ताटातलंच ओटीत लपवायची. एकदा तिनं मेंढीची अख्खी मुंडी अशी पळवली, तर धाकटा भाऊ ओरडला, आई, आमचं सूप संपेपर्यंत हिनं सगळी मुंडी खाल्ली! तळघरात ते ऐकून वडील खूप हसले म्हणतात.

पुढे कुटुंब हॉलंडला पळालं, जमीन जप्त झाली. मागे राहिलेले वडिलांचे व्यवहार मिटवायला आणि आजारपणामुळे मागे ठेवलेल्या बहिणीला आणायला कोण परत आलं? ग्रिझेलच. राज्य पालटल्यावर जमिनी परत मिळाल्या, तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याचा कारभारही तिच्याच हातात आला. तिच्या हिशेबवह्या १६९२ पासून १७३३ पर्यंतच्या आहेत. नोकरांचे पगार, कपडे, मुलींच्या शिकवण्या, पाहुण्यांना काय वाढलं, सगळं त्यात आहे. १९११ साली त्यांतला निवडक भाग पुस्तकरूपानं छापला.

दुसरी बाई एलिझाबेथ, सदरलँडची काउंटेस. एक वर्षाची असताना आईबाप गेले आणि एवढ्या मोठ्या मुलखाची मालकीण झाली. मोठी झाल्यावर राहायची बहुतेक लंडनकडे. डोंगरातल्या जमिनीवर मेंढ्या आणायच्या, म्हणून कुळं उठवायचं ठरलं. तिच्या फॅक्टरांपैकी एक पॅट्रिक सेलर, शिकलेला वकील. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात त्यानं घरं रिकामी करवली, आणि लोक परत येऊ नयेत म्हणून आढी-वासे जाळले. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पेटत्या घरातून बाहेर काढावं लागलं आणि ती काही दिवसांत मेली, असा आरोप झाला. १८१६ साली इनव्हर्नेसला खटला चालला. सेलर निर्दोष सुटला.

आता खरी गोष्ट ऐका. ज्या रानातून कुळं काढली, ते मेंढ्यांसाठी खंडानं घेतलं होतं खुद्द सेलरनंच! मालकिणीच्या वतीनं उठवणारा तो, आणि उठवल्यावर आत येणाराही तोच. फॅक्टरची नोकरी त्याची पुढे फार टिकली नाही, पण रान त्याच्याकडेच राहिलं. काही जण म्हणतात, काउंटेसला काय ठाऊक होतं? आम्हाला ते पटत नाही. कुळं उठवायचा बेत तिला माहीत होता आणि मान्यही होता. मुखत्यार नेमला म्हणून मालकीण सुटत नाही. तिकडचे लोक आजही सेलरबरोबर तिचंही नाव घेतात.

तिकडे कागद देणारा वारला की फॅक्टरी संपे. आपल्याकडेही साधारण असंच आहे. नवरा गेल्यावर त्याच्या जुन्या मुखत्यारपत्रावर कुणी व्यवहार करत असेल, तर लगेच वकिलाला विचारा. आणि आपल्या देशात १८८२ चा मुखत्यारपत्राचा कायदा आहे. त्याचं पाचवं कलम म्हणतं, की लग्न झालेल्या सज्ञान बाईला, ती जणू अविवाहित आहे असं समजून, स्वतःचा मुखत्यार नेमता येतो. हे आमच्या बऱ्याच जणींना माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीबद्दल बोलू. तोवर घरातल्या पेटीत असा एखादा कागद असेल, तर बाहेर काढा, कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, आणि त्यात किती कामांचा अधिकार दिलाय ते बोटांवर मोजून ठेवा.