जुन्या मोटारीची डिकी आणि ठिपक्यांचा रंग

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जण हसतील. हा माणूस नंदुरबारच्या कॉलेजात शिकवतो आणि रेडिओवर येऊन मोटारीच्या डिकीच्या रंगाविषयी बोलतो, हे काय खूळ? पण आपल्या जिल्ह्यात फिरून पाहा. शहाद्याकडे एखाद्या वाड्याच्या पडवीत, तळोद्याकडे एखाद्या मळ्यातल्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एखादी जुनी फियाट, अँबॅसिडर किंवा जीप उभी असलेली दिसते. घरातला तरुण मुलगा केव्हा तरी म्हणतो, "आजोबांची गाडी आहे. पुन्हा चालू करू या, रंगवू या." इंजिनासाठी तो मिस्त्री शोधतो. बाहेरच्या रंगासाठी चांगला कारागीर पाहतो. राहते ती मागची डिकी. तिथे काय, कोणीही काहीही फासतो! मीही तेच केले होते, आणि त्यात मला जे शिकायला मिळाले, ते आज सांगणार आहे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. ही गाडी म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलेच अपत्य. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि त्यांतलीच एक १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच पुष्कळ वर्षे धारण केले होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीतून ती निवृत्त झाली. खाजगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि आमची त्यांपैकी एक.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मी ती नीटनेटकी करायला घेतली. त्याच सुमारास नाशिकला एका मित्राकडे त्याच्या आजोबांची १९६५ सालची शेव्हरोलेट इंपाला पाहिली. तिची डिकी उघडली, तर आत एकसारखा रंग नव्हता. एका रंगाच्या जमिनीवर दुसऱ्या रंगाचे बारीक बुंदके, जणू मोझेकची फरशीच! मला ते फार आवडले. घरी येऊन म्हटले, आपल्याही डिकीला असेच ठिपके द्यायचे.

हा रंग अमेरिकन कारखान्यांनी का वापरला, ते आधी समजून घेऊ. डिकीच्या आत पत्र्याचे सांधे असतात, जोडाच्या खुणा असतात, थोडे उंचसखल असते. बाहेरच्या पत्र्याप्रमाणे तिथे घासून गुळगुळीत करायला कारखान्याला सवड नसते. त्यावर एकाच रंगाचा चकचकीत हात दिला, तर प्रत्येक खोच नजरेत भरते. ठिपक्यांच्या रंगात नजर ठिपक्यांवर फिरत राहते, सांध्यावर थांबत नाही. धूळ आणि ओरखडेही लपतात. शाळेच्या व्हरांड्यात मोझेकच्या फरशीवर पोरांच्या पायांची माती लगेच दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून १९६० नंतरच्या पुष्कळ अमेरिकन मोटारींच्या डिकीत करडा-पांढरा, काळा-निळसर असे ठिपकेदार रंग आढळतात.

म्हणजे या रंगाचा मोठा गुण कोणता? झाकणे. आणि श्रोतेहो, त्याचा मोठा दोषही तोच.

माझ्या हातून काय झाले ते सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला अहिराणीत बजावले होते, "सर, रंग माराना पयले पत्रा देखी ल्या." मी पाहिला, पण वरवर. कोपऱ्यात गंजाचे पापुद्रे होते. तारेच्या ब्रशने ते थोडे खरवडले, वर करड्या इनॅमलचा हात दिला आणि त्यावर काळेपांढरे ठिपके उडवले. डिकी अशी सुंदर दिसू लागली की येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवायचो!

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात आईवडिलांना घेऊन धडगावहून शहाद्याकडे परत येत होतो. संध्याकाळची वेळ, घाटाचा रस्ता, पाऊस लागलेला. मागचे चाक पंक्चर झाले. डिकी उघडली. जादा चाक जागेवर होते, पण जॅक आणि पाना गायब! मॅट उचलून पाहतो तो काय, कोपऱ्यातला पत्रा गंजून खाली गळून गेला होता, आणि त्या भोकातून अवजारे वाटेत कुठे तरी पडली होती. भोकाच्या कडेवर माझे ठिपके मात्र शाबूत होते. अंधार पडत चालला होता. आई थंडीने कुडकुडत होती. शेवटी प्रवासी घेऊन जाणारी एक जीप थांबली. त्या भल्या माणसांनी आपला जॅक दिला, चिखलात बसून चाकही बदलून दिले. एक पैसा घेतला नाही.

घरी आल्यावर वडील इतकेच म्हणाले, "वहीला कव्हर घातलं म्हणून आतलं गणित बरोबर होत नाही, बाळा."

तेव्हा पहिली गोष्ट ही, की ठिपक्यांच्या रंगाखाली सांधा झाकावा, गंज झाकू नये. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचा संयोग. मूळ लोखंडापेक्षा तो जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली उरलेला गंज फुगत राहतो, रंग उचलतो, आणि त्या फटीतून आणखी पाणी आत शिरते. डिकीत वर जाड मॅट असेल, तर ती ओल धरून ठेवते. वरून सगळे कोरडे, खालून पत्रा सडतो.

आता पाणी येते कुठून? हे शोधण्याचा एक सोपा उपाय शिक्षक मित्रांना आवडेल. डिकी आतून कोरडी करा. झाकणाच्या रबरी पट्टीच्या आतल्या बाजूने आणि मागच्या दिव्यांच्या भोवती खडूची पूड लावा. झाकण बंद करून वरून झारीने पाणी सोडा. दहा मिनिटांनी उघडून पाहा. पूड जिथे भिजली असेल, तिथून पाणी येते. ते रबर बदला. डिकीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतील, तर ती रंगाने किंवा पुट्टीने बुजवू नका. अंगणाच्या मोरीला बोळा घालून कोणी अंगण कोरडे ठेवतो काय?

यानंतर पत्रा तपासावा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजणारा भाग कापून तिथे नवा पत्रा जोडून घ्यावा. पुट्टी भरून भोक बुजवणे म्हणजे दुखऱ्या दातावर चुना लावण्यासारखे आहे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूलाच असते. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी आणि टाकी काढून दूर ठेवावी. "टाकी रिकामी आहे, काही होत नाही" असे म्हणू नये. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

उरलेला गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. खाचेत राहिलेल्या गंजासाठी फॉस्फरिक आम्लाचे द्रावण मिळते. हातमोजे घालून ते वापरावे आणि त्याच्या सूचनेप्रमाणे धुऊन, पुसून पत्रा पूर्ण कोरडा करावा. मग त्याच दिवशी प्रायमर द्यावा. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला दिसेल. ठिपक्यांचा तयार रंग बहुधा पाण्यात कालवलेला असतो, तो उघड्या लोखंडावर मारला तर गंजाला आमंत्रणच.

आता रंगाची निवड. कोणत्या गाडीला ठिपके शोभतात? याचे उत्तर बाजारात नाही, गाडीतच आहे. बिजागरीच्या मागे, दिव्याच्या खाचेत, मॅटखाली जुना रंग शोधा. मित्राच्या इंपालात मूळचे ठिपके सापडले, म्हणून तिथे तेच योग्य. पण मुंबईत जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ पर्यंत होता. तिथे जोडलेल्या एखाद्या जुन्या शेव्हरोलेटला, आत साधा रंग सापडत असताना, इंपालाचे ठिपके देणे म्हणजे पणजोबांच्या फोटोला नातवाचा चष्मा लावणे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या मोटारींच्या नोंदणीचे वेगळे नियम केले, त्यांतही गाडी मूळ रूपात असावी हीच मुख्य अट आहे. तेव्हा खरवडण्यापूर्वी जुन्या रंगाचे फोटो अवश्य काढून ठेवा.

रंग कसा द्यायचा, तो अनुभव मित्राच्या गाडीचा सांगतो. या रंगाच्या डब्यात वेगवेगळ्या रंगांचे थेंब एकमेकांत न मिसळता तरंगत असतात. म्हणून तो घुसळायचा नाही. चपट्या काठीने, कढी फुटू नये म्हणून हलवतो तसा, हळूच हलवायचा. फडक्याने गाळायचा नाही, नाहीतर ठिपके फडक्यात आणि पाणी हातात! त्यात थिनर घालायचा नाही. फवाऱ्याच्या बंदुकीचे तोंड मोठे ठेवावे आणि हवेचा दाब नेहमीपेक्षा कमी. दाब वाढला की ठिपके बारीक होतात, कमी झाला की मोठे पडतात. आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मारून पाहावे आणि मूळ ठिपक्यांशी ताडून घ्यावे.

हात कसा चालवावा? आपल्या आयाबहिणी सकाळी अंगणात सडा टाकतात, तसा. हात सारखा फिरता असतो. जिथे हात थांबला, तिथे थारोळे झालेच. पहिला हात पातळ द्यावा, तो सुकू द्यावा, मग दुसरा. तयार रंग मिळाला नाही, तर साध्या इनॅमलचा हात पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या रंगाचे शिंतोडे उडवता येतात. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण कागदावर पान ठेवून टूथब्रशने शिंतोडे उडवतो ना, तीच रीत. तोंडाला चांगला मास्क लावावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

मोकळ्या हवेत म्हणताना आपल्या जिल्ह्याचे हवामानही ध्यानात घ्या. वैशाखाच्या उन्हात पत्रा इतका तापतो की ठिपका नीट बसण्याआधीच वाळतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने सुकायला फार वेळ लागतो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. सकाळचे दव जाऊन पत्रा कोरडा झाला की काम सुरू करावे. मात्र नंदुरबारात ते दिवस मिरचीच्या पथारींचेही असतात. पथारीच्या वाऱ्याला गाडी उभी करू नका, नाहीतर रंगावर लाल ठिपके फुकट मिळतील आणि ठसका वेगळा! रंग दिल्यावर निदान एक अहोरात्र झाकण उघडे ठेवावे. मॅट आणि अवजारे आणखी काही दिवसांनी ठेवावीत.

जाता जाता जुनी गाडी विकत घेणारांना एक सूचना. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता माणूस घोड्याच्या रंगावर भाळत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो. तसेच जुन्या मोटारीची डिकी ताज्या ठिपक्यांनी सजलेली दिसली, तर खाली वाकून तळाचा पत्रा पाहा. विकणारा लबाड असेलच असे नाही. तो माझ्यासारखा उतावळाही असू शकेल.

आमच्या पद्मिनीचे पुढे काय झाले? तिचा कुजलेला पत्रा काढून नवा बसवला. मागच्या दिव्याच्या खाचेत तिचा मूळ रंग सापडला, तोच साधा रंग आत दिला. तिला ठिपके नव्हतेच मुळी. आता वडील दर पावसाळ्यानंतर स्वतः मॅट उचलून पाहतात. साध्या रंगावर तांबूस डाग उमटला की लगेच दिसतो, आणि तेवढ्यापुरता तो काढून टाकता येतो. परवा एक डाग त्यांना सापडला. लाल पेन्सिलीने त्याभोवती गोल करून त्यांनी मला हाक मारली. चाळीस वर्षे वह्या तपासल्याची सवय, ती सुटायची कशी?