पटकीची नोंद : गावाची जबाबदारी



पटकी हा रोग सौंसर-पांढुर्ण्याच्या या भागास नवा नाही. तथापि आज मला तिच्या औषधोपचारापेक्षा तिच्या नोंदीविषयी अधिक बोलावयाचे आहे.

२०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेकडे जगभरातून पटकीचे सुमारे ५ लाख ३५ हजार रुग्ण व ४ हजारांवर मृत्यू कळविण्यात आले. तज्ज्ञांचा अंदाज मात्र असा, की दरवर्षी १३ ते ४० लाख लोकांना हा रोग होतो आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार लोक त्यास बळी पडतात. म्हणजे बहुसंख्य रुग्ण कोणत्याच वहीत येत नाहीत.

असे का व्हावे? पहिले कारण रोगाच्या स्वरूपातच आहे. जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, किंवा साधे जुलाब होतात. तरीही त्यांच्या विष्ठेतून १ ते १० दिवस जंतू बाहेर पडत राहतात. दुसरे कारण तपासणीचे. प्रतिजैविक औषध दिल्यानंतर शौचाचा नमुना घेतला, अथवा तो योग्य माध्यमात न ठेवता पाठविला, तर जंतू बहुधा सापडत नाहीत आणि नोंद 'अतिसार' अशीच राहते. तिसरे कारण भीती. बाजार ओस पडेल ही गावाची भीती, जाब विचारला जाईल ही कर्मचाऱ्याची. चौथे कारण खास आपल्या सीमाभागाचे. रुग्ण अत्यवस्थ झाला, की नातलग त्यास नागपूरला नेतात. तेथे तो बरा होतो; परंतु त्याची नोंद दुसऱ्या राज्यात होते, आणि ज्या विहिरीचे पाणी तो प्याला, ती येथे तशीच वापरात राहते.

मध्य प्रांताच्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वही घेऊन पोलीस ठाण्यात जात असे. त्या वहीत मृत्यू येत, आजारी माणूस येत नसे. आज व्यवस्था पालटली आहे. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पामुळे उपकेंद्र, दवाखाना व प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणांहून माहिती घेतली जाऊ लागली. आता ती संगणकावर भरली जाते. परंतु ज्या घरातून खबरच निघत नाही, त्या घराची नोंद संगणक तरी कशी करणार?

शेजारच्या मेळघाटात जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी व कोयलारी या गावी पटकीची साथ उद्भवली. लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. त्या साथीत काहींचे प्राण गेले. जंतू पोटात गेल्यापासून १२ तास ते ५ दिवसांत रोग प्रकट होतो. म्हणून पहिल्या रुग्णाची खबर एक दिवस उशिरा पोहोचली, तर तितका वेळ सारी वस्ती तेच पाणी पीत राहते.

तेव्हा माझी विनंती अशी. दोन वर्षांवरील कोणासही भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब होऊन डोळे खोल गेले, तर त्यास ताबडतोब जलसंजीवनी पाजावी, दवाखान्यात न्यावे आणि त्याच दिवशी आशा कार्यकर्ती किंवा परिचारिकेस कळवावे. उपचाराविना तीव्र पटकीचे निम्मे रुग्ण दगावू शकतात. वेळीच उपचार झाल्यास शंभरात एकही दगावू नये. रुग्ण नागपूरला नेला असला, तरी खबर येथे द्यावी. शिक्षकांनी हजेरीपटाकडे लक्ष ठेवावे. एकाच वस्तीतील मुले जुलाबांमुळे गैरहजर असतील, तर चौकशी करावी. सरपंचांनी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकवून घ्यावी.

अधिकारी बंधूंनाही एक सांगणे आहे. ज्या उपकेंद्रातून रुग्णांचा आकडा वाढून येईल, तेथे प्रथम मदत पाठवावी, खुलासा मागू नये. ज्या कर्मचाऱ्यास खऱ्या आकड्याबद्दल बोलणी खावी लागतात, तो पुढच्या वर्षी शून्य लिहितो. आणि त्या शून्याची किंमत गाव मोजते.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्याची रोगनोंदवही आरंभापासूनच खरी राहावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.