‘काही करत नाही हो तो!’

(मंडळाच्या श्रावणातील स्नेहमेळाव्यात, हैदराबाद येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. श्रावणातल्या मेळाव्यात संतसाहित्य असतं, नाट्यसंगीत असतं, फार तर मधुमेहावर डॉक्टरांचं मार्गदर्शन असतं. कुत्रा चावण्यावर भाषण कशाला? पण ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी हात वर करा म्हटलं, तर या सभागृहात बरेच हात वर होतील. आम्हीही त्यातलेच. तेव्हा हे भाषण कुत्र्यांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही कुत्री पाळणारी माणसं आहोत, आणि कुत्रं पाळणाऱ्यांनी आणखी काय काय पाळायला हवं, एवढंच बोलणार आहोत.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आज बाजूला ठेवू. त्यावर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात काय झालं ते आपण सर्वांनी वाचलं आहे. तिथे जबाबदारी कोणाची यावर वाद घालता येतो. पण ज्याच्या गळ्यातला पट्टा आपण विकत आणला, ज्याला आपण नाव दिलं, त्याच्याबाबत वाद घालायला जागा कुठे आहे?

काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चौडी इथल्या आपल्या जुन्या घरांत दाराशी येणारी माणसं मोजकी असत. पोस्टमन, दूधवाला, धोबी, पेपरवाला. पोस्टमन वर्षानुवर्षं एकच. दिवाळीला त्याला पोस्त मिळे आणि घरातल्या कुत्र्याला त्याच्या सायकलचा आवाज पाठ असे. आज एका दिवसात आपल्या दाराशी भाजी येते, औषध येतं, बिर्याणी येते, मोबाइलचं कव्हर येतं, आणि प्रत्येक वेळी आणणारा माणूस वेगळा. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर रुमाल, पाठीवर मोठी पेटी, आणि घाईत. कुत्र्याच्या नजरेनं पाहिलं तर अनोळखी माणसाची जी जी लक्षणं असावीत, ती सगळी त्याच्यात आहेत.

शिवाय एक गंमत आहे, आणि ती आपण लक्षात घेत नाही. बेल वाजते, कुत्रा भुंकतो, तो माणूस वस्तू देऊन निघून जातो. आपल्याला ठाऊक आहे की त्याचं काम झालं म्हणून तो गेला. कुत्र्याला वाटतं, मी भुंकलो म्हणून पळाला. हा विजय त्याला रोज तीन-चार वेळा मिळतो. अशा कुत्र्याचा धीर महिन्यागणिक वाढत जातो, आणि मग एक दिवस दार जरा जास्त उघडं राहतं.

तसं आपल्याच शहरात झालं. जानेवारी 2023 मध्ये बंजारा हिल्सच्या एका इमारतीत जेवणाचं पार्सल घेऊन गेलेला 23 वर्षांचा मुलगा, अंगावर धावून आलेल्या जर्मन शेफर्डपासून जीव वाचवायला पळाला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात मणिकोंड्यात गादी पोचवायला गेलेल्या माणसानं डॉबरमनच्या भीतीनं तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली. तो जखमी झाला, पण वाचला. बंजारा हिल्सच्या प्रकरणात पोलिसांनी कुत्र्याच्या मालकावर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचा गुन्हा नोंदवला. त्या मुलाचा जीव घेतला तो भीतीनं. दात लागण्याची वाटसुद्धा पाहावी लागली नाही.

म्हणून आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक वाक्य आज तपासून पाहू या. ‘घाबरू नका, काही करत नाही हो तो!’ हे आपण खरंच मानतो. आपल्याला तो काही करत नाही, हे खरंही आहे. पण समोरच्या माणसाला आपल्या कुत्र्याचा स्वभाव माहीत नाही, आणि तो माहीत करून घेणं हे त्याचं काम नाही. त्याला फक्त दात दिसतात. त्यातून भाषेचा घोळ वेगळाच. आपण मराठीत ओरडतो, तो बिहारचा नाहीतर ओडिशाचा, आणि कुत्र्याला इंग्रजीत ‘सिट’ शिकवलेलं!

कायदा याकडे कसा पाहतो? जुन्या भारतीय दंड संहितेतलं 289 कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 291 झालं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवनीय धोका असेल, आणि तो टाळण्यापुरती काळजी जाणूनबुजून किंवा हयगयीनं घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दंड एक हजार होता. प्रत्यक्ष इजा झाली तर 125 वं कलम लागू शकतं, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर 106 वं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. या 291 व्या कलमात कुत्रा चांगला की वाईट हे विचारलेलंच नाही. मालकानं काय काळजी घेतली, एवढंच विचारलं आहे.

आणि हे कलम कागदावरचंच आहे असं समजू नका. मुंबईत नेपियन सी रोडवर 2010 मध्ये एका रॉटवायलरनं वृद्ध गृहस्थांचा चावा घेतला. कुत्रा मोटारीत होता, दार उघडू नका असं सांगूनही मालकानं दार उघडलं होतं. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानं मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीत 2018 साली लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला. त्या मालकाला 2025 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही निकालांना वर्षं लागली, पण निकाल लागले.

दारावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी लावली की आपलं काम संपलं, असं पुष्कळांना वाटतं. पाटी वाचून परत फिरण्याची मोकळीक त्या माणसाला आहे का? ऑर्डर आपण दिली आहे. तो आपल्याच बोलावण्यावरून आला आहे.

आता मुख्य भागाकडे येतो. सगळी काळजी घेऊनही समजा कुत्रा चावला, तर आपण काय करायचं? हे क्रमानं लक्षात ठेवा, आणि घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी घरात कोण असेल सांगता येत नाही.

पहिलं, कुत्र्याला आतल्या खोलीत बंद करा. दुसरं, त्या माणसाला घरात घ्या. बाहेर पायरीवर बसवू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. रेबीजचे विषाणू जखमेतच कमी करण्याचा याहून स्वस्त आणि चांगला उपाय नाही. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल यातलं काहीही लावू नका, आणि घट्ट पट्टी बांधू नका.

तिसरं, त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन जा. नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये ही लस मिळते, नल्लाकुंट्याचं फीव्हर हॉस्पिटल आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही सोय असते. इथे हमखास एक अडचण येते. आपण म्हणतो, ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लसी दिल्यात, हे बघा पुस्तक.’ ते पुस्तक अवश्य दाखवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पण त्याच्या आधारावर त्या माणसाला लस टाळायला सांगू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या आजारात दुसरी संधी नाही, तिथे निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो, आपल्या खात्रीनं नव्हे.

पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी गोष्ट झाली. ती लस आपल्या देशात 2004 नंतर बनत नाही. आता दंडात घ्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 अशा पाच खेपा; त्वचेत देतात तिथे 0, 3, 7 आणि 28 अशा चार. रक्त आलेलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, कारण लशीचा परिणाम व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि तोवरचं संरक्षण त्यातून मिळतं.

चौथं, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतात ते लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणून दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असं धरता येतं, आणि डॉक्टर पुढच्या डोसांबद्दल ठरवू शकतात. पण लस पहिल्या दिवशीच सुरू करायची. दहा दिवस वाट पाहायची नाही. आणि या दहा दिवसांत कुत्र्याला गावाला पाठवून देणं, कुणाला देऊन टाकणं, रस्त्यावर सोडणं हा त्या माणसावर दुसरा अन्याय आहे. कुत्र्यावरही.

पाचवं पैशाचं. त्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही, म्हणून आम्ही जरा थांबून बोलतो. आपली नेहमीची पद्धत काय? पाचशेची नोट काढायची, ‘इंजेक्शन घे बाबा’ म्हणायचं आणि दार लावायचं. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण हिशेब तिथे संपत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आणला. तरी या माणसाची कमाई फेरीवर चालते हे बदललेलं नाही. लशीच्या चार-पाच खेपा, प्रत्येक खेपेला रांगेत अर्धा दिवस. पायाला जखम असेल तर गाडीला किक मारता येत नाही, म्हणजे आणखी काही दिवस घरी. त्याची रोजची सरासरी कमाई त्यालाच विचारा, बुडालेल्या दिवसांनी गुणा, औषधं आणि पेट्रोल मिळवा. तो आकडा आपल्या कुत्र्याच्या दोन-तीन महिन्यांच्या खाण्याएवढा होईल कदाचित. तो आपण द्यायचा. हा दानधर्म नाही, देणं आहे.

मोजमापच हवं असेल तर एक निर्णय सांगतो. नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं कुत्रा चावल्याच्या भरपाईसाठी दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये ठरवले. तो निर्णय भटक्या जनावरांबाबत आणि सरकारच्या जबाबदारीचा होता, आपल्याला थेट लागू नाही. पण एका खुणेची किंमत न्यायालयाला किती वाटते, ते त्यातून कळतं.

सहावं, त्याच्या कंपनीला आपण स्वतः कळवा, की उशीर त्याच्यामुळे झालेला नाही. नाहीतर चावाही त्यालाच आणि खराब शेराही त्यालाच. आणि त्याला पोलिसांत जायचं असेल तर अडवू नका, ‘मिटवून टाकू’ म्हणून चार शेजारी गोळा करू नका. आपण आधीच नीट वागलो असलो तर घाबरायचं कारण उरत नाही.

‘त्यानंच डिवचलं असेल’, ‘पळाला कशाला?’, ‘बेल दोनदा का वाजवली?’ हे प्रश्न आपल्या तोंडी येतातच. कुत्र्यासमोर पळू नये हे आपल्याला माहीत आहे. पण दार उघडताच अंगावर चाळीस किलोचं जनावर आलं तर आपल्यापैकी किती जण शांत उभे राहतील?

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून फार काही लागत नाही. बेल वाजली की आधी कुत्रा आत, मग दार. हा नियम घरातल्या सर्वांना, अगदी आजी-आजोबांनाही. मुख्य दाराच्या आत एक जाळीचं दार. ऑर्डर देताना ‘घरी कुत्रा आहे, खाली फोन करा’ अशी सूचना, आणि शक्यतो खाली उतरून वस्तू घेणं. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरणं, आत कुणी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहणं. पनवेलमध्ये 2022 साली लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाला कुत्रा कसा चावला, ती चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. महापालिकेत नोंदणी आणि दर वर्षी रेबीजची लस तर हवीच. लसीकरणाची ताकद काय असते ते आपल्या गोव्यातल्या बांधवांना विचारा. तिथे वर्षानुवर्षं कुत्र्यांचं सामूहिक लसीकरण झालं आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

मित्रहो, आपण दत्ताच्या पायाशी चार कुत्री पाहत वाढलो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला आजीनं सांगितले. भाकरी नेणाऱ्यात विठ्ठल पाहायला शिकवणारी ही परंपरा आहे. मग भरदुपारी तीन जिने चढून आपल्या दाराशी भाकरी घेऊन येणाऱ्यात आपण कोणाला पाहायचं?

गणपती आता तोंडावर आले. दहा दिवस घरांची दारं उघडी असतील, दर्शनाला माणसं येतील, ढोल वाजतील, फटाके फुटतील. कुत्री आधीच बिथरलेली असतात. हार, मोदक, मिठाई घेऊन येणारी मुलं नेहमीच्या दुप्पट असतील. आमची मंडळाला विनंती आहे की, आपल्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी एकमेकांत एवढं ठरवावं: बेल वाजली की कुत्रा आत, आणि तरीही काही घडलंच तर तो माणूस बरा होईपर्यंत तो आपला पाहुणा.

गणपती बाप्पा मोरया!