न मागतां मिळालेलें पदक

नातवंडें संगणकासमोर बसलीं कीं घरांतील वडील माणसांस तो निव्वळ कालापव्यय वाटतो. परंतु २००९ सालीं निघालेला ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा इंग्लंडांतील खेळ त्यांनीं एकदां तरी मुलांच्या शेजारीं बसून पाहावा. इ. स. १७०० पासून पुढचें शतकभराचें राजकारण त्यांत मांडलें आहे. आणि खेळणारास जीं राज्यें निवडतां येतात, त्यांत मराठ्यांचेंही एक आहे.

या मालेंत जहाजांची प्रत्यक्ष लढाई प्रथम याच खेळांत आली. तेथें नुसती तोफ डागून भागत नाहीं. वारा कोणीकडून वाहतो तें आधीं पाहावें लागतें. शत्रूच्या जहाजाची कूस फोडावयाची तर साधा गोळा, डोलकाठ्या व शिडें पाडावयाचीं तर सांखळीगोळा, आणि माणसें टिपावयाचीं तर छर्रे, असा विवेक करावा लागतो. पंगु झालेलें जहाज बुडविण्यापेक्षां काबीज करणें अधिक लाभाचें, हेंही मुलांस तेथें उमगतें.

अशा खेळांत आणखी एक मौज असते. मुलगा आपलें जहाज वांचविण्याच्या विवंचनेंत असतो आणि अकस्मात् पडद्यावर एक पदक झळकतें. त्यानें तें मागितलेलें नसतें; तशी कांहीं अट आहे, हेंही पुष्कळदां त्यास ठाऊक नसतें. हा आनंद निर्मळ आहे. गुणांसाठीं घोकलेल्या धड्यापेक्षां सहज साधलेली गोष्ट मनांत अधिक काळ टिकते, हें कोणीही शिक्षक सांगेल. परंतु पदक देणारा किती दूरवर पाहतो, हा प्रश्न उरतोच.

आपल्याच किनाऱ्याकडे पाहा. कान्होजी आंग्रे यांच्या गुराबांनीं व गलबतांनीं मोठमोठ्या परकी जहाजांस जेरीस आणिलें. १७१८ सालीं इंग्रज खांदेरीवर चालून आले व परतले. १७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही विफल झाले. १७२९ सालीं कान्होजी वारले. पुढें त्यांचे पुत्र तुळाजी यांचें व पेशव्यांचें वांकडें आलें. १७५६ सालीं पेशव्यांच्या फौजा जमिनीवरून आणि वॉटसनचें इंग्रज आरमार समुद्रावरून, असा विजयदुर्गास वेढा पडला. किल्ला पडला, बंदरांतील आंग्र्यांचें आरमार जळून गेलें.

हा सारा पट खेळांतला असता, तर त्या दिवशीं पेशव्यांच्या नांवें खचित पदक झळकलें असतें. बंडखोर सरदार हातीं आला, मोहीम फत्ते झाली! परंतु जळालें तें मराठी आरमारच होतें. पुढें धुळपांनीं पुन्हा जहाजें बांधून पराक्रम केले, तरी आंग्र्यांचा तो दरारा परत आला नाहीं. आणि त्या मोहिमेंतील वॉटसन व क्लाइव्ह दुसऱ्याच वर्षीं बंगाल्यांत होते.

पदक त्या क्षणाचा हिशेब ठेवतें. इतिहास पुढल्या पन्नास वर्षांचा. म्हणून मुलांस खेळूं द्यावें, पदक मिळालें कीं मनापासून शाबासकीही द्यावी, आणि मग जवळ बसवून हळूच विचारावें, “जिंकलास खरा, बाळ, पण समुद्रावर आतां आपलें काय उरलें?”