जखम भरली, वण वाढला

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



भाजलेली जखम भरून आली, पट्ट्या सुटल्या आणि रुग्ण घरी आला की घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. देवदर्शन होते, नातेवाईक भेटून जातात, रुग्णालयाचे कागद कपाटात जातात. त्यानंतर महिना-दीड महिन्याने, सपाट आणि गुळगुळीत दिसणारी ती नवी त्वचा हळूहळू तांबूस होऊ लागते, फुगते, दोरखंडासारखी कडक होते आणि रात्रीची झोप उडवील अशी खाज सुटते. पथ्य चुकले, आंबट खाल्ले, मलम बदलले म्हणून असे झाले, असा तर्क घरोघरी केला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. जखम बंद होणे हा बरे होण्याचा अर्धा टप्पा असतो. उरलेला अर्धा टप्पा एक ते दीड वर्ष, कधी दोन वर्षे चालतो, आणि त्या काळातील मुख्य उपचारांपैकी एक औषधाच्या दुकानात बाटलीत मिळत नाही. तो कापडाचा असतो.

आपल्या घरांत या विषयाचे महत्त्व विशेष आहे. पिण्याचे पाणी उकळून परातीत निवत ठेवण्याची आपली पद्धत आहे. पर्युषणात, उपवास-आयंबिलांच्या दिवसांत तर पातेलीच्या पातेली पाणी उकळले जाते. पळत्या पोराचा पाय परातीला लागणे अथवा चुलीवरून उतरवताना पातेले निसटणे, यास किती क्षण लागतात? अशा वेळी भाजलेला भाग तत्काळ नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, शाई, टूथपेस्ट अथवा बर्फ लावू नये. भाजण्याची खोली जितकी कमी राहील, तितका पुढील वण सौम्य होतो. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, भरून येण्यास एकवीस दिवसांहून अधिक काळ लागलेल्या जागांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जागी वण उंचावला. चौदा ते एकवीस दिवसांत भरलेल्या जागांत हे प्रमाण एक तृतीयांश होते. म्हणून ज्या जखमेला तीन आठवडे लागले, तिच्याबाबत वण उंचावण्याची वाट पाहत बसू नये. तेव्हाच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उंचावलेल्या वणाचे दोन प्रकार ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण लोक दोहोंना सरसकट एकच नाव देतात. पहिला प्रकार मूळ जखमेच्या सीमेतच फुगतो आणि कालांतराने काही प्रमाणात आपोआप बसतो. वैद्यकशास्त्रात त्यास ‘हायपरट्रॉफिक’ वण म्हणतात. दुसरा प्रकार ‘केलॉइड’. तो जखमेची वेस ओलांडून निरोगी त्वचेत पसरतो आणि स्वतःहून क्वचितच ओसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने खेकड्याच्या नांगीवरून त्याला हे नाव दिले, आणि ज्याने तो पाहिला आहे त्यास या नावाचे औचित्य पटते. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत हे दोन्ही प्रकार अधिक आढळतात.

असे का होते? जखम बुजवण्यासाठी शरीर कोलॅजन नावाचे तंतू विणते. निरोगी त्वचेत हे तंतू व्यवस्थित पसरलेले असतात. उंचावलेल्या वणात विणकाम थांबतच नाही. तंतू गुंतागुंतीचे, गाठीगाठीचे होतात आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढल्याने वण तांबडा दिसतो. बाहेरून सतत दाब दिला असता तेथील रक्तपुरवठा व सूज कमी होते आणि तंतूंचा अतिरेक आवरला जातो, असे मानले जाते. यामागील प्रक्रियेचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

पट्टी किती घट्ट असावी, हा विचार आपल्या देशाला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात चौदा प्रकारचे बंध आणि त्यांच्या गाढ, सम व शिथिल अशा तीन श्रेणी सांगितल्या आहेत. मांडी व डोके येथे गाढ, हातापायांवर सम, डोळे व सांधे यांवर शिथिल, असा अवयवपरत्वे विवेक तेथे आहे. मात्र तो जखमेच्या बंधनाचा विचार होय. भरलेल्या जखमेवरील वण दाबण्याचा नव्हे. केलॉइडवर दाब देऊन पाहिल्याची नोंद १८३५ मध्ये रेयर या फ्रेंच वैद्याने केली होती. तथापि हा उपचार रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोही काहीसा योगायोगाने.

अमेरिकेतील टोलेडो शहरी कॉनराड योब्स्ट नावाचे एक जर्मन वंशाचे अभियंता राहत होते. त्यांच्या पायाच्या शिरांना विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की वेदना कमी होतात, हे त्यांच्या लक्षात आले. पाणी जितके खोल तितका दाब अधिक, म्हणजे घोट्याशी जास्त आणि वर कमी. हाच क्रम मोज्याच्या कापडात उतरवता येईल, हे अभियंत्याच्या बुद्धीने हेरले आणि १९५० च्या सुमारास असे मोजे तयार होऊ लागले. पुढे टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथील श्राइनर्स संस्थेच्या, भाजलेल्या मुलांसाठीच्या रुग्णालयातील डॉक्टरांच्या पाहण्यात एक गोष्ट आली. शिरांच्या विकारासाठी असा मोजा वापरणाऱ्या एका भाजलेल्या रुग्णाच्या पायावरील वण मोज्याखाली सपाट झाला होता. लार्सन व सिल्व्हरस्टीन या डॉक्टरांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९७१ पासून या पद्धतीविषयीचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. एका अभियंत्याचे दुखणे पोळलेल्या मुलांच्या असे कामी आले.

तरीही योग्य कापडावाचून हे साधले नसते. साधे सुती कापड ताणले की ताणलेलेच राहते, रबर घामाने व तेलाने चिरते. १९५८ मध्ये ड्यू पॉन्ट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने एक धागा सिद्ध केला, जो मूळ लांबीच्या अनेक पट ताणला तरी पूर्ववत होतो. इंग्रजीतील ‘एक्स्पांड्स’ या शब्दाची अक्षरे उलटसुलट करून त्याचे ‘स्पँडेक्स’ असे नाव ठेवले गेले. बाजार त्यास ‘लायक्रा’ या व्यापारी नावाने ओळखतो. नायलॉन व स्पँडेक्स यांच्या विणीचे जाळीदार कापड या पोशाखांसाठी वापरले जाते. पेढीवर ज्या धाग्याची ओळख केवळ तंग कपड्यांपुरती असते, तोच येथे औषधाचे काम करतो.

पोशाख शिवण्याची रीत शिंप्याच्या रिवाजाच्या अगदी उलट आहे. शिंपी अंगाच्या मापाहून दोन बोटे सैल ठेवतो. येथे दर दीड इंचावर घेर मोजून, मापाहून साधारण दहा ते वीस टक्के कमी कापड बेतले जाते. अपेक्षित दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरइतका असतो. रक्तदाबाचा वरचा आकडा १२० धरला तर त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. यापेक्षा कमी, म्हणजे १५ च्या आसपासच्या दाबानेही काहींना गुण येतो. दाब ४० च्या वर गेला तर मुंग्या येणे, त्वचा ओलसर होऊन सोलणे अशा तक्रारी उद्भवतात. ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा समज म्हणूनच घातक आहे. शिवाय एकाच ताणाचे कापड मनगटासारख्या बारीक गोलाईवर अधिक दाब देते आणि छातीसारख्या सपाट भागावर कमी. हनुवटीखाली, तळहाताच्या खळग्यात, काखेत तर ते वणाला नीट टेकतही नाही. तेथे फोमची अथवा सिलिकॉनची गादी आत घालावी लागते. चेहऱ्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा मुखवटा करतात. त्यातून दाबाने पांढरी पडलेली त्वचा डॉक्टरांना दिसते आणि दाब कोठे कमी पडतो ते कळते. घरी ब्लाउज तंग करून घेणे किंवा क्रेप बँडेज आवळून बांधणे म्हणजे हा उपचार नव्हे. नाजूक त्वचेच्या पहिल्या काही दिवसांत क्रेप बँडेजचाही उपयोग केला जातो, पण ते बोटांकडून वरच्या दिशेने, शिकवल्याप्रमाणेच बांधावे लागते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पोळला आहे. जखम भरली आहे, हातमोजा व बाही मापाने करून आणली आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे, दिवसाचे तेवीस तास घालायचे. आंघोळ, मालीश व व्यायाम एवढ्यापुरतेच काढायचे. पहिला आठवडा घरचे उत्साहाने पाळतात. मग वैशाखाचा उन्हाळा येतो, आत घामोळे येते, खाजेने पोर रडते. शाळेत मुले हात बघून हसतात. आजीला दया येते. ती म्हणते, “राहू दे गं सूनबाई, रात्रीपुरता तरी काढ. पोरीचा जीव किती घ्यायचा?” रात्रीचे मग दुपारीही होते. पुढे एखाद्या नात्यातील लग्नात ‘लोक विचारतील’ म्हणून बाही घरीच राहते. तीन महिन्यांनी बोटे आखडू लागतात, पेन धरता येत नाही, आणि तेव्हा पुन्हा रुग्णालयाची पायरी चढावी लागते. आजीचे प्रेम खरे असते, हे कोणी नाकारणार नाही. परंतु वण वाढण्याचा काळ त्या प्रेमासाठी थांबत नाही. मान भाजलेली असेल तर हनुवटी छातीकडे ओढली जाते, काख भाजलेली असेल तर हात वर जात नाही. म्हणून पोशाखाच्या जोडीला व्यायाम आणि स्प्लिंट हवेच. दाब एकट्याने सांधा मोकळा ठेवू शकत नाही.

घरच्यांच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. पोशाखाचे दोन जोड असावेत. एक अंगावर, एक धुण्यात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये, उन्हात वाळत घालू नये, इस्त्री करू नये. मालीशसाठी लावलेले तेल पुसून, त्वचेत जिरल्यावरच पोशाख चढवावा, कारण तेलाने ताणधागा लवकर मरतो. बोटे निळसर अथवा बधिर झाली, त्वचा फाटली किंवा फोड आला तर पोशाख काढून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. दोन-तीन महिन्यांत कापडाचा ताण संपतो आणि नवा जोड लागतो; वाढत्या मुलांचे मापही बदलते. दिसायला धड आहे म्हणून जुनाच वापरणे ही काटकसर नव्हे, तो केवळ कपडा उरतो. हा वारंवारचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही आणि उपचार तेथेच तुटतो. शस्त्रक्रियेसाठी मदत मागताना कोणाला संकोच वाटत नाही, देणाऱ्यालाही तिचे मोल कळते. पण तिसऱ्या-चौथ्या जोडासाठी मदत मागायची असते, हे मागणाऱ्याला सुचत नाही आणि देणाऱ्याला ठाऊक नसते. वैद्यकीय साहाय्य देणाऱ्या संस्थांनी ही बाब आपल्या नियमांत बसवून घेणे अगत्याचे आहे. लहान मुलांच्या चेहऱ्यावर व जबड्यावर दीर्घकाळ दाब दिल्यास हाडांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. तेथे दंतवैद्याची देखरेखही आवश्यक ठरते.

एवढे कष्ट घेऊन लाभ किती, हा व्यवहारी प्रश्न कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. २००९ मध्ये सहा चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वणाची उंची थोडी कमी होते एवढेच निश्चित दिसले. एकंदर स्वरूपात मोठा फरक सिद्ध झाला नाही. २०१० मध्ये सिएटल येथील बारा वर्षे चाललेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच हातावरील जखमेच्या अर्ध्या भागावर पूर्ण दाब व अर्ध्यावर कमी दाब देऊन तुलना केली होती. पूर्ण दाबाखालील वण अधिक मऊ व सपाट झाला, परंतु डोळ्यांना जाणवेल असा फायदा मध्यम व तीव्र स्वरूपाच्या वणांतच आढळला. यावरून, दोन आठवड्यांत भरलेल्या किरकोळ पोळण्यासाठी मुलाला वर्षभर तंग कपड्यात कोंडणे अनाठायी आहे, आणि खोल भाजलेल्या हाताच्या बाबतीत कंटाळून पोशाख सोडणे महागात पडते, असा अर्थ काढता येतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातून पुढे आलेली सिलिकॉन जेलची पट्टीही लहान वणांवर वापरली जाते आणि अनेकदा दाबाच्या जोडीने दिली जाते.

कानाच्या केलॉइडचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कान टोचल्यावर पाळीला सुपारीएवढी गाठ येते आणि ती ‘एकदा कापून टाकली की झाले’ अशा समजुतीने काढली जाते. नुसती कापलेली गाठ बहुधा परत येते, कधी पहिल्याहून मोठी. म्हणून शस्त्रक्रियेनंतर स्टिरॉइडची इंजेक्शने आणि कित्येक महिने घालायची दाबाची चिमटेवजा कर्णफुले यांची योजना करतात. वरून ती साध्या दागिन्यासारखी दिसतात, त्यामुळे मुली ती आनंदाने घालतात. बाहीच्या बाबतीत हे भाग्य नाही. ज्यांच्या घरात केलॉइडची प्रवृत्ती आहे, त्यांनी कानाच्या वरच्या कडेला अनेक छिद्रे पाडण्याच्या हल्लीच्या हौसेपासून दूर राहावे, हे उत्तम.

पोशाख कधी थांबवावा, हे दिनदर्शिका ठरवत नाही. वण फिकट झाला, मऊ पडला, सपाट झाला आणि खाज थांबली, म्हणजे तो परिपक्व झाला असे समजतात. मग डॉक्टर प्रथम दिवसाचे काही तास पोशाख काढून ठेवण्यास सांगतात व त्वचेचे निरीक्षण करतात. ती पुन्हा तांबूस होऊन कडक लागू लागली तर पोशाख पुन्हा चढतो. तशीच फिकट व मऊ राहिली, तर आणखी काही आठवडे केवळ रात्री, आणि मग ती बाही धुऊन कायमची घडी घातली जाते.