गिटारचा पेडलबोर्ड : क्रम, वीज आणि रंगमंच

विद्युत गिटारचा आवाज तारेवर जन्माला येतो, पण श्रोत्याच्या कानी पडेपर्यंत त्याला अनेक यंत्रांमधून प्रवास करावा लागतो आणि त्यांपैकी जी यंत्रे वादकाच्या पायाशी मांडलेली असतात त्यांना पेडल म्हणतात. पेडल म्हणजे साधारण तळहाताएवढी धातूची पेटी. तिच्या एका बाजूने गिटारचा विद्युतसंकेत आत शिरतो, आतील मंडल त्याला खरखरीत करते, घुमवते, लांबवते किंवा त्याची आवर्तने काढते, आणि दुसऱ्या बाजूने तो बदललेल्या रूपात बाहेर पडतो. वरची कळ पायाने दाबली की बदल सुरू होतो, पुन्हा दाबली की थांबतो, त्यामुळे दोन्ही हात वादनासाठी मोकळे राहतात. अशा चार-सहा पेट्या एका फळीवर ठरावीक क्रमाने बसवून, आखूड तारांनी एकमेकींना जोडून, त्यांना एकाच ठिकाणाहून वीज दिली की पेडलबोर्ड तयार होतो. कोणते पेडल चांगले याची चर्चा वादकांमध्ये भरपूर होते. मात्र बोर्डाचा दर्जा पेट्यांइतकाच, किंबहुना त्यांहून अधिक, पेट्यांच्या मधल्या गोष्टींवर म्हणजे क्रम, तारा, वीजपुरवठा आणि अर्थिंग यांवर ठरतो, असे प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन आहे.

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुरा हा परिसर या विचारासाठी फार सोयीचा आहे. संत एकनाथ रंगमंदिर येथेच आहे, १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवगिरी महाविद्यालय स्टेशन रोडलगत आहेत, म्हणजे रंगमंच, वाजवणारी तरुण मंडळी आणि वीजशास्त्र शिकणारे विद्यार्थी एकमेकांच्या शेजारी नांदतात. या भागातील गिटारवादकाला महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, एखाद्या ऑर्केस्ट्रात आणि गणेशोत्सवाच्या मंडपात एकाच बोर्डावर वाजवावे लागते, आणि या तिन्ही ठिकाणची वीज, जागा आणि ध्वनियंत्रणा निरनिराळी असते. परदेशी वादकाच्या बोर्डाचे छायाचित्र पाहून तसाच बोर्ड येथे उभारला, तर तो येथील परिस्थितीत नीट चालेलच असे नाही.

या साधनांचा इतिहास साठ-पासष्ट वर्षांचा आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या, १९६१ साली प्रकाशित झालेल्या ‘डोंट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिश्रणयंत्रातील एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि वाद्याचा आवाज फाटून गेला. तो दोष कानाला इतका आवडला की ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम मुद्दाम घडवणारे मंडल तयार केले आणि १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने तो ध्वनी जगभर पोहोचवला. पुढे १९७७ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने एकाच मापाच्या, एकाच प्रकारे वीज घेणाऱ्या छोट्या पेट्यांची मालिका सुरू केली आणि फळीवर शेजारी शेजारी पेडल मांडणे खऱ्या अर्थाने सुकर झाले.

निवडीची सुरुवात गाण्यांपासून व्हावी. ज्या पंधरा-वीस गाण्यांचा कार्यक्रम वादकाला करायचा आहे त्यांत प्रत्यक्षात किती वेगळे ध्वनी लागतात हे कागदावर मांडले, तर बहुतेक वेळा ते चार किंवा पाच निघतात: एक स्वच्छ, एक किंचित फाटलेला, एक पूर्ण फाटलेला, एक पसरट आणि एक प्रतिध्वनीचा. किंचित फाटलेल्या ध्वनीसाठी जे पेडल वापरतात त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, त्याहून तीव्र असेल तर डिस्टॉर्शन, आणि लहरीचा आकार जवळजवळ चौकोनी होईपर्यंत तो कापला गेला तर फझ. संकेताची किंचित उशिराने आलेली, हलती प्रत मूळ संकेतात मिसळून आवाज पसरवणारे पेडल म्हणजे कोरस, आणि वाजवलेला स्वर ठरावीक कालांतराने पुन्हा ऐकवणारे पेडल म्हणजे डिले. डिलेच्या बाबतीत मराठी रंगमंचाची एक खास अडचण आहे. लयीचा वेग मिनिटाला १२० मात्रा असेल तर एका मात्रेला ५०० मिलिसेकंद लागतात आणि डिले तेवढ्यावर लावला की आवर्तने ठेक्यात बसतात. पण ढोलकीवर रंगत चढली की ठेका हळूहळू वाढतो, आणि मग आधी लावलेली आवर्तने ठेक्याच्या मागे रेंगाळून सगळा फड विस्कटवतात. त्यामुळे येथील वादकाने ज्यावर पायाने मात्रा देऊन वेळ बदलता येते, म्हणजे ज्याला टॅप टेम्पोची कळ आहे, असेच डिले पेडल घ्यावे. ही सोय नसलेले महागडे डिले ढोलकीच्या साथीला कुचकामी ठरते.

क्रमाचा नियम समजण्यास सोपा आहे. ट्यूनर, म्हणजे सूर तपासणारे पेडल, सर्वांत आधी येते, कारण त्याला शुद्ध संकेत हवा असतो. त्यानंतर आवाज फाडणारी पेडले, मग कोरससारखी पसरवणारी, आणि शेवटी डिले व रिव्हर्ब, म्हणजे सभागृहातील घुमारा निर्माण करणारे पेडल. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवले तर मूळ स्वर आणि त्याची आवर्तने एकत्रच फाटतात, ती एकमेकांत कालवली जातात आणि स्वरांची ओळख पुसली जाते. उलट क्रमात फाटलेल्या स्वराची स्वच्छ आवर्तने मिळतात. हा नियम मोडणारे थोर वादक आहेत, पण नियम का आहे हे कळल्यावरच तो मोडण्यात अर्थ असतो.

तारांकडे वादकांचे दुर्लक्ष होते. गिटारच्या साध्या पिकअपमधून, म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणाऱ्या चुंबकीय गुंडाळीतून, येणारा संकेत दुबळा असतो आणि जॅकच्या तारेत दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड इतकी धारिता असते. पिकअपची गुंडाळी आणि ही धारिता मिळून एक अनुनादी मंडल तयार होते. सहा मीटरची तार असेल तर तीन हेन्रीच्या गुंडाळीचा अनुनाद पावणेचार हजार हर्ट्झच्या आसपास येतो, पण गिटारपासून बोर्डापर्यंत सहा आणि तेथून पुढे आणखी सहा मीटर तार झाली की तो अडीच-पावणेतीन हजारांपर्यंत खाली घसरतो आणि आवाजातील चमक जाते. यावरचा उपाय म्हणजे बफर, म्हणजे संकेताची ताकद वाढवून त्याला लांब तारेचा भार पेलण्यास सक्षम करणारे छोटे मंडल; ते अनेक ट्यूनर पेडलांत आधीपासूनच असते. ‘ट्रू बायपास’ हे शब्द पाहून पेडल निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की कळ बंद असताना तशी पेडले संकेताला फक्त पुढे जाऊ देतात, त्याला बळ देत नाहीत, आणि अशी सहा पेडले एकामागोमाग ठेवली तर मधल्या सर्व तारांचा भार थेट गिटारवर येतो.

बफर सुरुवातीलाच ठेवण्याला एक अपवाद आहे आणि त्याचा संबंध मराठवाड्याच्या उन्हाळ्याशीही येतो. १९६६ साली लंडनहून आलेल्या ‘फझ फेस’च्या धर्तीवरची जुनी फझ पेडले बफरच्या आधीच ठेवावी लागतात, कारण त्यांचे मंडल गिटारच्या पिकअपशी थेट संवाद साधते. शिवाय त्यांतील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असतील तर त्यांतून होणारी प्रवाहाची गळती दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते. जे पेडल डिसेंबरच्या थंडीत गोड वाजते, तेच मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना उघड्या मंडपात घुसमटल्यासारखे वाजते किंवा मध्येच तुटू लागते. त्यामुळे येथील वादकाने सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे फझ पसंत करावे.

विजेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टची एकदिश वीज लागते आणि तिच्या पिनेचा मधला भाग ऋण, तर बाहेरचा भाग धन असतो. घरातील इंटरनेटच्या राउटरचा अ‍ॅडाप्टर सहसा १२ व्होल्टचा आणि मध्ये धन असलेला असतो. पिन नेमकी बसते म्हणून तो लावला की पेडल जळण्याचा धोका असतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला जुन्या पद्धतीचा, केवळ १२० व्होल्टचा अ‍ॅडाप्टर येथील २३० व्होल्टवर लावला तर तोही जळतो, म्हणून त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले आहे का हे आधी वाचावे. नंतर विद्युतप्रवाहाची बेरीज करावी. ट्यूनरला ३० मिलिअँपिअर, ओव्हरड्राइव्हला १०, कोरसला २०, डिजिटल डिलेला ७० आणि बोर्डाच्या शेवटी येणाऱ्या डिजिटल पेडलला २०० असे धरले तर बेरीज ३३० होते. त्यात पाव हिस्सा राखीव धरून सुमारे ४१० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा घ्यावा, आणि एकेका पेडलला जेवढे लागते तेवढे त्याचे स्वतःचे आउटपुट देते का हेही पाहावे.

एकाच अ‍ॅडाप्टरमधून अनेक फाटे काढून सर्व पेडलांना वीज देण्याची स्वस्त पद्धत असते. तिच्यात डिजिटल पेडलची किणकिण ओव्हरड्राइव्हमध्ये उतरते आणि तेथे मोठी होऊन ऐकू येते. प्रत्येक आउटपुट इतरांपासून वेगळे राखणारा, ज्याला आयसोलेटेड म्हणतात असा, वीजपुरवठा महाग असतो, पण पहिला मोठा खर्च त्यावरच करावा असे आग्रहाने सांगावेसे वाटते. भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे आणि तिचे एकदिश विजेत रूपांतर होताना निसटणारा गुणगुणाट, ज्याला वादक ‘हम’ म्हणतात, १०० हर्ट्झचा असतो. गिटारच्या सहाव्या तारेवरील तिसऱ्या घरातला स्वर ९८ हर्ट्झचा आहे. म्हणजे हा हम नेमका त्या स्वराला चिकटून, त्याच्याशी किंचित बेसूर राहून वाजतो, आणि कितीही महाग पेडल घेतले तरी तो लपत नाही. रंगमंदिरात दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर विजेची लहर मध्येच कापतात, त्यामुळे त्यांची कर्कश भुणभुण एकेरी गुंडाळीच्या पिकअपमध्ये शिरते. अशा ठिकाणी दुहेरी गुंडाळीचा, हंबकर म्हणून ओळखला जाणारा पिकअप वापरणे आणि दिव्यांच्या तारांपासून बोर्ड दूर ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

मंडपातील तात्पुरत्या वीजजोडणीत अर्थिंग नसणे ही केवळ आवाजाची बाब राहत नाही. वादकाचे हात तारांवर असतात, तारा बोर्डामार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि गाणारे ओठ मायक्रोफोनला लागतात. दोन यंत्रणांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर वीज शरीरातून वाहते. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा मायक्रोफोनला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने रंगमंचावरच मृत्यू झाला. म्हणून वाजवण्यापूर्वी साध्या टेस्टरने मायक्रोफोनची जाळी तपासावी, बोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच सॉकेटवर घ्यावेत, शक्य तेथे ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी असलेला एक्स्टेंशन बोर्ड वापरावा, आणि हम थांबवण्यासाठी प्लगची जाड अर्थ पिन काढण्याचा प्रकार कधीही करू नये. एकाच सॉकेटवर वीज घेतल्याने, दोन वेगळ्या अर्थिंगमधून तयार होणारे वर्तुळ तुटते आणि हमही बराच कमी होतो.

येथील बोर्डाचे शेवटचे पेडल कोणते असावे, हा प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांत क्वचित विचारला जातो. तेथे गृहीत धरलेले असते की बोर्डानंतर गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. ऑर्केस्ट्रात मात्र अनेकदा गिटारची तार थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाते. गिटारच्या स्पीकरमध्ये साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने कमी होतो आणि त्यामुळे डिस्टॉर्शन गोल, ऐकण्याजोगे वाटते. सभागृहाचे स्पीकर मात्र तो भाग पूर्ण वाजवतात, म्हणून मिक्सरमधून येणारे तेच डिस्टॉर्शन कानाला टोचते. यासाठी बोर्डाच्या टोकाला स्पीकरच्या या गुणाची नक्कल करणारे कॅबिनेट सिम्युलेटर पेडल ठेवावे, आणि त्यानंतर डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा दुबळा संकेत लांब तारेत गोंगाट न शिरता पाठवता येईल अशा तोलबद्ध रूपात बदलणारी पेटी, ठेवावी. डीआय बॉक्सवर अर्थचा दुवा तोडणारी कळ असते. हम थांबवण्याची ती सुरक्षित पद्धत आहे. वरच्या हिशेबातील २०० मिलिअँपिअरचे पेडल म्हणजे हे कॅबिनेट सिम्युलेटर.

ऑर्केस्ट्रातील वादक ज्याला ‘प्रोसेसर’ म्हणतात, त्या एकाच यंत्रात हे सर्व ध्वनी मिळतात आणि सामान हलवणे सोपे पडते. कार्यक्रमामागून कार्यक्रम करणाऱ्या व्यावसायिकासाठी तो योग्य पर्याय आहे, यात शंका नाही. मात्र ज्याला आवाज घडवण्याची विद्या शिकायची आहे त्याने पेट्या घ्याव्यात, कारण प्रत्येक पेटी वेगळी काढून, जोडून, उलटसुलट करून तिचे काम कानाने तपासता येते. मुंबईची ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन’ ही कंपनी स्वतःची पेडले बनवते आणि ती परदेशातही वाजवली जातात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एक ऑपॅम्प, दोन डायोड, काही रोध आणि धारित्रे एवढ्यात ओव्हरड्राइव्हचे मंडल सोल्डर करता येते; हे सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

फळीसाठी १२ मिलिमीटर प्लायवूड किंवा सरकत्या खिडक्यांसाठी वापरतात ते अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन पुरते. बॉसच्या मापाचे पेडल ७३ मिलिमीटर रुंद व १२९ मिलिमीटर लांब असते. पाच पेडलांची रुंदी ३६५ आणि मधल्या काटकोनी जॅकसाठी प्रत्येकी ३० मिलिमीटरच्या चार फटी धरल्या तर ४८५ मिलिमीटर होतात, म्हणून टोकांचे जॅक धरून फळी ५५ सेंटिमीटर रुंद घ्यावी. मागची बाजू उंच ठेवली की वीजपुरवठा खाली बसतो आणि मागे दुसरी रांग असल्यास तिच्यावरही पाय सहज पोहोचतो. पेडले वेल्क्रोने चिकटवावीत, विजेच्या तारा फळीच्या एका कडेने आणि संकेताच्या तारा दुसऱ्या कडेने न्याव्यात, आणि त्या एकमेकींना ओलांडतात तेथे काटकोनात ओलांडतील असे पाहावे, म्हणजे एकीचा हम दुसरीत शिरण्याचे प्रमाण कमी राहते. मराठवाड्याची धूळ पेडलांच्या फिरत्या बटणांत शिरून त्यांचा आवाज खरखरीत करते, म्हणून बोर्डाला झाकण असलेली पेटी असावी. तीत एक जादा आखूड तार, एक जादा अ‍ॅडाप्टर आणि कोणत्या आउटपुटवर कोणते पेडल आहे हे दाखवणारी, झाकणाच्या आत चिकटवलेली आकृती ठेवावी.